बाहीवरचा बेचाळिसावा नियम

शहाण्णव सालापर्यंत मी विधानसभा-लोकसभा मिळून अकरा वेळा मत दिलं होतं, आणि माझ्या बोटाला शाई एकदाही लागली नव्हती.

यात जादू काही नाही. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी विठोजी अण्णा, म्हणजे माझे थोरले दीर, गल्लीतल्या आमच्या मंडळींच्या घरोघर फिरून बायकांच्या मतदार चिठ्ठ्या गोळा करायचे. चौदा घरं, बावीस-तेवीस बायका. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या घरच्या दोन-तीन पोरी ती सगळी मतं घालून यायच्या आणि संध्याकाळी आम्हांला प्रत्येकीला खण-नारळ यायचा. वाईट कुणालाच वाटायचं नाही. रेशन दुसऱ्याने आणून दिलं तर आपण रडत बसतो का? तसंच हे. उन्हात उभं राहणं वाचलं, वर खण.

शाईचं काय, असं तुम्ही विचाराल. आमचा धंदा शिवणकामाचा. काजाचा दोरा गुंतू नये म्हणून त्याला मेण लावतात. तेच मेण आधी बोटावर चोळलं की शाई धरत नाही, ओल्या फडक्याने पुसून निघते. दुकानात काज-बटणं करणारी म्हातारी यल्लव्वा "माझा मेणाचा गोळा कुणी उचलला?" म्हणून ओरडायला लागली की आम्ही समजायचो, उद्या मतदान.

दुकान चिकपेटात, घर त्याच्याच मागे. आमची माणसं शहाजीराजांच्या फौजेबरोबर तंबू शिवत इकडे कानडी मुलुखात आली, असं घरात सांगतात. तंबू संपले, मग अंगरखे, मग कोट, आणि सासऱ्यांच्या वेळेपासून वकिलांचे काळे गाऊन आणि गळ्यातले पांढरे बँड. माझे यजमान आप्पाजी कापतात, मी शिवते. ते दिवसाला दहा वाक्यं बोलतात, त्यातली सात गिऱ्हाइकाशी.

मी शाळेत चौथीपर्यंत, तीही कानडी. पुढचं माझं शिक्षण बाह्यांवर झालं. म्हणजे असं की कापड कापायच्या आधी कागदाचं कटिंग करतात, आणि आमच्याकडे त्यासाठी कागद यायचा तो कोर्टाजवळच्या वकिलांच्या ऑफिसातली रद्दी. जुने निकाल, जुने कायदे, नियमांची पुस्तकं. चार-चार पानं खळीने एकमेकांना चिकटवायची आणि त्यातून बाही, पाठ, कॉलर कापायची. ही कटिंगं माझ्या मशीनसमोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली. पाय मशीनवर, हात कापडावर. डोळ्यांनी दुसरं करायचं काय? मी वाचायला लागले. आधी अक्षरं, मग डिक्शनरी, मग माप द्यायला आलेल्या वकिलांना विचारणं. इंग्रजी मला बोलता येत नाही, पण 'नॉटविथस्टँडिंग' दिसलं की पुढे काहीतरी घोटाळा आहे एवढं कळतं. माणसाच्या जिवाचं आणि स्वातंत्र्याचं जे एकविसावं कलम आहे, ते माझ्याकडे अडतीस साइजच्या पाठीवर आहे.

एवढंच की पानाची मागची बाजू खळीखाली गेलेली असायची, आणि मुंढ्याच्या, म्हणजे खांद्याशी बाही जोडतात त्या, गोलाईत कात्री कुठलंही वाक्य मधेच तोडून जायची. मला कायदा येत होता तो असा. एका बाजूचा.

त्या वर्षी मार्चात संयोगिता नावाची मुलगी गाऊन शिवायला आली. बेळगावची, नुकती सनद मिळालेली, जे. पी. नगरला मैत्रिणीबरोबर भाड्याने राहणारी. आमच्यासारखी कानडी मिसळलेली मराठी तिची नव्हती, ती फाडफाड बोलायची.

"मावशी, हे भिंतीवर काय आहे? बाहीवर कॉन्स्टिट्यूशन?"

"ती बेचाळीसची बाही. कॉन्स्टिट्यूशन पाठीवर आहे, तिकडे."

ती हसत हसत वाचायला लागली. मी तिच्या खांद्याचं माप घेत होते. मग ती सहज म्हणाली, "तुम्ही तर भारीच आहात. गेल्या वेळी कुणाला मत दिलंत?"

आणि मी, टेप हातात धरून, अगदी मनापासून म्हणाले, "विचारून सांगते."

ती हसायची थांबली. मला वाटलं होतं हसेल. हसली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त हात खाली केला, आणि मला माप पुन्हा घ्यावं लागलं.

ते 'विचारून सांगते' महिनाभर माझ्या मशीनच्या ठेक्यात वाजत होतं. वर्षापूर्वी सरकारी माणसांनी फोटो काढून ओळखपत्रं दिली होती. बाकीच्या बायकांची अण्णांच्या कपाटात, माझं मशीनच्या ड्रॉवरात, बॉबिनांच्या डब्याखाली. फोटोत मी चोरी पकडल्यासारखी दिसत होते. पण खाली नाव होतं, सकवारबाई, आणि ते माझंच होतं. अकरा वेळा या नावाने कुणीतरी काहीतरी ठरवून आलं होतं आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी अण्णा आले. हातात यादी, खिशाला पेन.

"सकवार, चिठ्ठी."

"माझी राहू दे अण्णा."

"राहू दे म्हणजे? हरवली?"

"नाही. मी जाणार आहे."

"कुठं?"

"मत द्यायला."

धुतल्यावर कापड आखडलं की दुकानदाराकडे बघतात तसं अण्णांनी आप्पाजींकडे बघितलं. "काय रे आप्पा, हे काय?"

"मला काय विचारतोस," आप्पाजी कात्रीतून मान वर न काढता म्हणाले, "चिठ्ठी तिची आहे." दिवसाचं आठवं वाक्य.

"अगं, मत म्हणजे काय उप्पीट आहे होय, जिनं तिनं वेगळं ढवळायला? आपल्या चौदा घरांचा एक गठ्ठा पडतो म्हणून गल्लीत नळाला पाणी येतं. उमेदवार माझ्या घरी येऊन बसतो, माहितेय ना?"

"माहितेय. काफी मीच करते त्याला. मला कधी विचारलं नाही त्यानं, मत देणार का म्हणून."

"काफी करणाऱ्याला कोण विचारतं!"

"म्हणूनच जाते."

अण्णा जरा वेळ पेनाचं टोपण काढघाल करत राहिले. मग हसले. "सरी. जा बाई. स्वल्प ऊन असेल, डोक्यावर पदर घेऊन जा."

इतक्या सहज 'सरी', म्हणजे बरं, आलं तिथंच मला कळायला हवं होतं. चिठ्ठी नुसती सोय असते. नंबर तर त्यांच्या यादीत होताच.

आणि चूक माझीही. घरातलं सगळं उरकून, यजमानांना ताट वाढून, नवं पातळ नेसून मी अकरा वाजता निघाले. वीस वर्षं कायदा वाचणारी बाई, पण आधी भाकऱ्या.

मतदान शाळेच्या एका वर्गात होतं. फळ्यावर अजून बेरजा होत्या. टेबलावरच्या कारकुनाने माझा नंबर यादीत शोधला, बोट फिरवलं, थांबवलं. "अम्मा, तुमचं मत झालंय."

माझ्या नावाखाली लाल रेघ होती. सरळ, नीट, पट्टी लावून मारलेली.

त्याच्या मागे बाकावर उमेदवारांचे एजंट बसले होते, आणि त्यांत अण्णा. छातीला बिल्ला. ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक हातपंप होता.

"जा अम्मा, मागे लाइन आहे," कारकून म्हणाला.

पाय वळलेसुद्धा, खोटं कशाला सांगू. पण बेचाळीसची बाही माझ्या डोळ्यांसमोर रोज असते, आणि तिच्यावर मनगटाच्या जरा वर निवडणुकीचे नियम आहेत. गंमत म्हणजे नियमही बेचाळिसावा. मी म्हटलं, "मला टेंडर्ड मतपत्रिका द्या."

कारकुनाने मागे वळून साहेबांना हाक मारली. कोपऱ्यातल्या टेबलावरून केंद्राध्यक्ष उठून आले. शेषगिरी त्यांचं नाव, कुठल्याशा शाळेचे हेडमास्तर, निवृत्तीला टेकलेले. शर्टाची कॉलर उलटवून पुन्हा शिवलेली होती. बायकोने शिवली असणार, टाके हाताचे होते. कॉलर उलटवून वापरणारा माणूस सहसा वाईट नसतो, असा माझा धंद्यातला अनुभव. आमचं सगळं बोलणं कानडीत झालं, इथं आपल्या भाषेत लिहिते.

"काय मागितलंत?"

"टेंडर्ड. नियम बेचाळीस. माझ्या नावाने आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर तुम्ही माझी ओळख पटवायला प्रश्न विचारायचे. उत्तरं बरोबर आली तर मला मतपत्रिका मिळायचा हक्क आहे."

"हे कुठं वाचलंत?"

"बाहीवर."

मागे लाइनीत कुणीतरी फिस्सकन हसलं. शेषगिरी हसले नाहीत. त्यांनी रुमालाने मान पुसली. "अम्मा, पस्तीस वर्षं निवडणुकीची ड्युटी करतोय. हे आजवर कुणी मागितलं नाही."

"मी पण आजवर आले नव्हते."

त्यांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं, पण उघडायच्या आधी प्रश्न विचारले. घर नंबर. वय. वडिलांचं नाव. यजमानांचं नाव. एरवी नाव घ्यायला आम्हांला उखाणा लागतो. त्या दिवशी मी "आप्पाजी" असं सरळ सांगितलं, चौकीत सांगतात तसं. ओळखपत्र दाखवलं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं. "फोटोत घाबरलेल्या दिसता."

"तेव्हा होते."

मग डाव्या हाताचं बोट बघितलं. सुईची टोचणी होती, शाई नव्हती. शेषगिरी बाकाकडे वळले आणि कुणाला विचारावं तर नेमकं अण्णांना विचारलं, "एजंटसाहेब, तुम्ही याच गल्लीतले. या बाईंना ओळखता?"

अण्णांची पंचाईत मला दिसत होती. ओळखत नाही म्हणावं, तर अठ्ठावीस वर्षं माझ्या हातचं जेवलेले. ओळखतो म्हणावं, तर मग सकाळी कोण येऊन गेलं? ते तेव्हा एजंट म्हणून तिथंच बसले होते, आणि तोतया आला तर हरकत घेणं हेच त्यांचं काम.

"आमच्या घरातली आहे," अण्णा शेवटी हातपंपाला म्हणाले.

"नाव?"

अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि मागे थोडी विनवणी. "सकवारबाई," ते म्हणाले.

शेषगिरींनी आवाज खाली आणला. "अम्मा, मग दुसऱ्या कुणीतरी खोटं मत दिलंय. गुन्हा आहे तो. संशय असेल तर लिहून द्या, पोलीस बाहेरच आहेत."

संशय कसला. सकाळी सात वाजता अण्णांची धाकटी सून पवित्रा यल्लव्वाचं मेण मागायला आली होती. वीस-एकवीस वर्षांची पोर, कडेवर सहा महिन्यांचं लेकरू. "काकू, गोळा कुठाय?" म्हणून तिने विचारलं, आणि मीच फळीवरून काढून दिला. माझंच मत घालायला नेतेय हे मला सुचलं नाही. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नसणार. मला तरी अकरा वेळा कुठं वाटलं होतं?

"तक्रार नको," मी म्हटलं. "मला मत पाहिजे."

अण्णांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

शेषगिरींनी पुस्तक उघडलं, चष्मा चढवला आणि बोट ठेवून वाचायला लागले. पहिलं पोटकलम माझ्या तोंडपाठ होतं, मी त्यांच्या बरोबरीने पुटपुटले. दुसरं, सही करायचं, तेही अर्धं माहीत होतं. मग त्यांनी पान उलटलं. आणि ते पुढचं जे वाचायला लागले, ते मी कधी पाहिलेलं नव्हतं. ते खळीखाली होतं.

मतपत्रिकेच्या पाठीवर केंद्राध्यक्षांनी स्वतःच्या हाताने 'टेंडर्ड' असं लिहून सही करायची. मतदाराने तिच्यावर शिक्का मारून, घडी घालून, ती पेटीत न टाकता केंद्राध्यक्षांच्या हातात द्यायची. त्यांनी ती वेगळ्या पाकिटात ठेवायची.

"पेटीत नाही?" मी विचारलं.

"पेटीत नाही."

"मग मोजणार कधी?"

त्यांनी चष्मा काढला. "मोजत नाहीत, अम्मा. कुणी कोर्टात गेलं आणि कोर्टाने मागवलं, तरच पाकीट उघडतं. नाहीतर असंच पडून राहतं."

अण्णांनी ऐकलं. त्यांचा जीव भांड्यात पडला होताच, आता जीभही सुटली. "घाल, घाल!" ते मराठीत म्हणाले. "पाकिटात घाल. वर तिकीटही लाव, दिल्लीला पोचेल. अगं, हसतात लोक, चल घरी. भाकऱ्या गार झाल्या असतील."

पहिल्या पोटकलमात 'खालील तरतुदींना अधीन राहून' असे शब्द होते, तेही माझ्या तोंडपाठ. वीस वर्षं मी ते वाचत होते, आणि खाली काय आहे हे बघायला बाही एकदाही उलटली नव्हती. उलटून उपयोगही नव्हता म्हणा, खळ घट्ट होती. पण कुणाला विचारलं असतं तर? मला एकदम फार दमल्यासारखं झालं. फळ्यावरच्या बेरजांकडे बघत उभी राहिले. त्यातली एक चुकली होती, हातचा धरलेला नव्हता.

"अण्णा," मी म्हटलं, "माझ्या नावाचं खोटं मत पेटीत पडलंय. ते मोजणार. खरं मत कुठंतरी असायला नको? पाकिटात तर पाकिटात." मग शेषगिरींना म्हटलं, "द्या सर. कुठं सही करू?"

त्यांनी टेंडर्ड मतांच्या यादीचा कागद काढला. कोरा होता, छापल्यापासून त्यावर कुणी लिहिलं नव्हतं. मी कानडीत सही केली, मग मनात आलं म्हणून खाली मराठीतही. शेषगिरींनी गठ्ठ्यातली अगदी शेवटची मतपत्रिका काढली आणि पाठीवर सावकाश, हेडमास्तरांच्या अक्षरात, लिहिलं. कारकुनाने बोटाला शाई लावली. गार लागली.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी बराच वेळ उभी होते. शिक्का कसा मारतात हे ठाऊक होतं. कुणाला, हे महिनाभर ठरवत होते. मग मारला. कुणाच्या नावापुढे, ते सांगणार नाही. ती घडी मी गाऊनच्या पाठीला चुण्या घालते तशी नखाने दाबून घातली आणि शेषगिरींच्या हातात दिली. त्यांनी पाकिटात ठेवली आणि, का कोण जाणे, उभे राहिले.

दाराशी यल्लव्वा होती. दुकान सोडून आली होती, गळ्यात टेप तसाच. "माझंबी झालंय म्हणे मत," ती मोठ्याने म्हणाली. "माझ्याच मेणानं माझंच मत! ते पाकीट कुठाय, मला पण पाहिजे."

"अव्वा, ते मोजत नाहीत," कारकून म्हणाला.

"तू नको मोजू. मला मोजता येतं. एक."

यल्लव्वाला गुपित ठेवता येत नाही. पाच वाजेपर्यंत तिने गल्लीभर सांगितलं. मतदान संपलं तेव्हा त्या यादीवर नऊ जणी होत्या. चार सह्या, पाच अंगठे. शेवटी हिशेबाच्या कागदावर शेषगिरींना 'टेंडर्ड: नऊ' असं लिहावं लागलं, आणि त्याखाली एजंट म्हणून अण्णांना सही करावी लागली, असं मला मागून कळलं.

संध्याकाळी खण-नारळ आलाच. खण मी परत पाठवला. नारळ ठेवून घेतला, चटणीला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बेचाळीसची बाही मी गरम पाण्याच्या परातीत बुडवली. तासाभराने खळ सुटली. पानं एकेक करून वेगळी केली आणि बँड वाळवायच्या दोरीवर चिमट्यांनी लावली. पानाच्या पाठीवर होतं सगळं. चौथं पोटकलम, स्वच्छ, जसंच्या तसं. आप्पाजी चहाचा कप घेऊन दोरीखाली उभे राहिले.

"आता बेचाळीसची बाही कशी कापायची?"

"खाकी कागद आणा."

"आणि पाठी?"

"पाठीही भिजवणार आहे."

त्यांनी चहा संपवला. "कुणाला दिलंस गं मत?"

"सांगणार नाही."

त्यांना बरं वाटलं, का वाईट, कळलं नाही. पण त्याच संध्याकाळी ते खाकी कागदाची गुंडाळी घेऊन आले.

आमच्याकडचा उमेदवार पुष्कळ मतांनी निवडून आला, कोर्टात कुणी गेलं नाही, पाकीट उघडलं नाही. दिल्लीत तेरा दिवसांचं सरकार आलं आणि गेलं. अण्णा आमच्या टीव्हीसमोर बसून आप्पाजींपाशी चुकचुकायचे, "आकडा जमेना, बघ. थोडक्यात राहिलं." मी आतून म्हणायचे, "पाकिटात बघायला सांगा." दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. काफी मात्र प्यायचे.

दोन वर्षं पुरी व्हायच्या आत पुन्हा निवडणूक लागली. आदल्या संध्याकाळी अण्णा यादी घेऊन निघाले, पण आमच्या उंबऱ्यापाशी थांबले, आत आले नाहीत. मीही बोलावलं नाही. फक्त ऐकू जाईल असं म्हटलं, "यल्लव्वा, मेण कुठाय?"

"कमरेला," यल्लव्वा आतून ओरडली. "उद्या रात्रीपर्यंत कमरेलाच!"

सकाळी पावणेसातला मी शाळेच्या दाराशी होते. भाकऱ्या नव्हत्या केल्या. आप्पाजींनी आदल्या दिवशीचा भात परतून खाल्ला, तेवढं येतं त्यांना. माझ्या मागे यल्लव्वा, तिच्या मागे गल्लीतल्या सात-आठ जणी, आणि सगळ्यात शेवटी, लेकराचं बोट धरून, पवित्रा. मी मागे जाऊन तिचा डावा हात हातात घेतला आणि तर्जनीवरून अंगठा फिरवला. कोरडी होती, मेण नव्हतं. खरखरीत, भांडी घासून घासून.

"सासऱ्यांना सांगितलंस?"

"नाही काकू," ती म्हणाली. "विचारलंच नाही."

दार उघडलं. या वेळी माझ्या नावाखाली रेघ नव्हती. शाई लागली, पेटीत मत पडलं. पडल्याचा आवाज होतो, हलका, पानावर पान पडल्यासारखा. दुकानात आले तर संयोगिताचे सहा बँड द्यायचे राहिले होते. पांढरंशुभ्र कापड, आणि माझं बोट अजून ओलं. त्या दिवशी मी पांढऱ्याला हात लावला नाही. सगळे बँड यल्लव्वाने केले. तिचंही बोट ओलंच होतं, पण ती डावरी, कापड उजव्या हाताने धरते.